कुलाबा वेधशाळेचे नानाभाई मूस

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. बाळशास्त्री जांभेकर आणि केरूनाना छत्रे या थोर पुरुषांनीही तेथे काम केले होते. त्याच वेधशाळेचे नाव जगाच्या शास्त्रीय ग्रंथांत अजरामर करणारे गृहस्थ म्हणजे नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस होत. त्यांचा जन्म १८५९ साली एका पारशी कुटुंबात झाला. एडिंबरो विद्यापीठात उच्च शिक्षण घेऊन ते स्वदेशी परतले व १८९६ साली वेधशाळेचे संचालक झाले. अशी पदे त्या काळी हिंदी मनुष्यास क्वचितच मिळत.

त्यांचे कार्य समजण्यास घरातील झोपाळ्याकडे पाहावे. एकदा ढकलून सोडून दिला म्हणजे तो आपल्याच गतीने झुलतो. झोका थोडा लहानमोठा झाला तरी एका येरझारेस लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो. मात्र हवा व कड्या यांच्या विरोधामुळे झोका हळूहळू मंदावतो. पहिल्या गोष्टीस मुक्त दोलन आणि दुसरीस अवमंदन म्हणतात. धाग्याने टांगलेला चुंबक किंचित वळवून सोडला तर तोही असाच झुलतो. पृथ्वीचे चुंबकीय बल जितके अधिक, तितके त्याचे दोलन जलद. म्हणून अनेक दोलनांचा वेळ मोजून, आणि त्याच चुंबकामुळे दुसरी सुई किती वळते हे पाहून, ते बल काढता येते.

१८९७ च्या आसाम भूकंपानंतर लवकरच कुलाब्यास मिल्न यांचे भूकंपमापक यंत्र आले. त्यातील आडव्या लंबकास अवमंदन फारच थोडे होते. जमीन स्थिर झाली तरी लंबक आपल्या छंदाने झुलत राही. कागदावरील रेघ पृथ्वीची किती आणि यंत्राची किती, याचा विवेक निरीक्षकास करावा लागे. दोलन त्वरित शमविणारी यंत्रे पुढे प्रचारात आली.

परंतु खरे संकट शहरातूनच आले. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. रुळांतून व जमिनीतून वाहणारा विद्युत्प्रवाह चुंबकसुईस विचलित करतो. अशा विकारापुढे मुक्त दोलन किंवा अवमंदन यांचे ज्ञान कामी येत नाही, कारण तो सुईच्या स्वभावातून उपजलेला नसून बाहेरून आलेला असतो. १८४६ पासूनची निरीक्षणमाला खंडित होण्याचा प्रसंग आला. मूस यांनी शहराच्या प्रगतीशी वाद न मांडता खाडीपलीकडे अलिबाग येथे चुंबकत्वरहित दगडांची नवी वेधशाळा उभारविली. १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे चालवून त्यांनी जुन्या व नव्या मापांचा मेळ बसविला आणि मगच कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे थांबविली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावू लागली.

१८४६ ते १९०५ पर्यंतची निरीक्षणे व त्यांची मीमांसा त्यांनी १९१० साली दोन भागांत प्रसिद्ध केली. चुंबकीय वादळांत पृथ्वीचे आडवे बल कसे घटते व पुढे हळूहळू कसे पूर्ववत होते, याची त्यांनी केलेली चिकित्सा आजही आधारभूत मानतात. १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाचा अभ्यास करणाऱ्यांस कुलाब्याच्याच नोंदी पाहाव्या लागतात. १९१९ साली मूस सेवानिवृत्त झाले.

बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम १९६४ साली धावली आणि रूळ उखडले गेले. अलिबागची सुई मात्र अद्याप आपले काम करीत आहे. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, मूस यांनी ती दोन वर्षे दुहेरी श्रम केले नसते, तर साठ वर्षांचा धागा तेथेच तुटला असता.