बारशाच्या पंगतीतली दारू बंद करणारा माणूस : गाडगेबाबा आणि आपली गाडी

अमरावतीहून अकोल्याला निघालात की मूर्तिजापूरच्या आसपास रस्ता असा गुळगुळीत लागतो की ॲक्सिलेटर आपोआप दाबला जातो. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर, लोणी ते माना या पट्ट्यात, ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली आणि तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला तोच रस्ता होता.

याच मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे नावाचं गाव आहे. तिथं मामाची गुरं राखत एक पोरगा मोठा झाला. देबूजी झिंगराजी जानोरकर. म्हणजेच आपले गाडगेबाबा.

आता तुम्ही म्हणाल, गाडगेबाबा म्हणजे खराटा आणि स्वच्छता, त्यांचा ड्रायव्हिंगशी काय संबंध? सरळ सांगायचं तर बाबांनी वाहतुकीच्या नियमांवर कीर्तन केलं नाही. संबंध आपण लावतोय. पण वऱ्हाडात रात्री लग्नाच्या पंगतीतून बाईकवर परतणाऱ्या पोरांकडं पाहिलं की हा माणूस आठवतोच.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, तालुका अंजनगाव सुर्जी. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले. जमीन गेली, तब्येत गेली आणि देबू लहान असतानाच ते वारले. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. बाप चांगला होता, राबणारा होता, पण दारू सुटली नाही. हे घरात पाहिलेलं पोरगं पुढं आयुष्यभर दारूच्या विरोधात बोललं, यात नवल नाही. पुढं मामाचं शेतही सावकाराच्या घशात गेलं, तेव्हा अंगठा उठवणाऱ्याला कागद वाचता न आल्यानं काय होतं, हेही त्यानं पाहिलं.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. पुढं मुलगी झाली, आणि तिच्या बारशाला त्या काळच्या रीतीप्रमाणं जातभाईंना मटण आणि दारू द्यायची होती. दिली नाही तर लोक नावं ठेवणार, पंगतीवरून उठून जाणार, ही भीती खरी होती. देबूजींनी दारू-मटण बाजूला ठेवून गोडाचं जेवण वाढलं. काहींना ते रुचलं नाही. पण पंगत उठली आणि सगळे शुद्धीत घरी गेले.

मला बाबांच्या आयुष्यातला हा प्रसंग कीर्तनांपेक्षाही मोठा वाटतो. कारण इथं समोर हजारोंची गर्दी नव्हती. स्वतःचं अंगण, स्वतःचे सोयरे आणि यजमान म्हणून घेतलेला निर्णय, एवढंच होतं.

आज काय होतं बघा. हळदीच्या रात्री ‘थोडीशी’ होते, डीजे बंद पडतो आणि मग तिघं एका बाईकवर, हेल्मेट घरी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गाडी चालवणं गुन्हा आहे. पहिल्यांदा सापडलात तर १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘मला चढत नाही’ हे त्या मशीनला कळत नाही. चढलेल्यालाही कळत नाही. दारू आधी अंदाजच बिघडवते. समोरच्या ट्रॅक्टरचं अंतर, स्वतःचा वेग, ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ, सगळं चुकतं, आणि आपलं चुकतंय हे ओळखणारा मेंदूही तोच असतो.

पोरगं अठराचं व्हायच्या आत त्याच्या हातात बुलेटची किल्ली देणाऱ्या बापासाठी २०१९ च्या दुरुस्तीनं वेगळं कलम आणलं, १९९-अ. अल्पवयीनानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड. झिंगराजींच्या घरासारखंच आहे हे. मोठ्यांनी जे केलं ते पोरांच्या वाट्याला येतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला देबूजींनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. पायी हिंडायचे. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचे, गटार साफ करायचे, वाटेतले दगडकाटे उचलायचे आणि मगच भाकर मागायचे. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. कीर्तनात उपदेश कमी आणि प्रश्न जास्त. लोकांना विचारायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे, आणि समोरचा स्वतःच्याच उत्तरात अडकायचा. स्वतः शाळेत गेले नाहीत, पण शिकवायचं कसं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आपल्याकडं लायसन्सची तयारी बरोबर उलटी चालते. लर्निंगच्या परीक्षेसाठी चिन्हं पाठ करायची, तीस दिवस थांबायचं, ट्रॅकवर आठ काढून दाखवायचा आणि झालं. वळणावर ओव्हरटेक का करू नये, रात्री समोरून गाडी आली की डिपर का द्यावा, हे कुणी विचारत नाही आणि आपणही स्वतःला विचारत नाही.

बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. प्रवासाला निघालेल्या गरिबाला रात्री सुरक्षित टेकायला जागा मिळावी, एवढाच हेतू. मूर्तिजापुरातही त्यांचं काम आहे. १९२३ मध्ये मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली तेव्हा ते कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. कीर्तन त्यांनी थांबवलं नाही.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला पोलिसांच्या आवारात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले आणि आधीच थकलेले बाबा आणखी खचले. २० डिसेंबरला आजारी अवस्थेत त्यांना गाडीतून अमरावतीकडं आणलं जात होतं. शहर जवळ आलं होतं. वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, त्या गाडीतच त्यांनी प्राण सोडला. त्यांची समाधी अमरावतीत, गाडगेनगरला आहे.