स्वदेशी मोटारीचा ध्यास : वालचंद हिराचंद

पारतंत्र्याच्या काळावरील दूरचित्रवाणी मालिकेत इंग्रज अधिकारी आला की त्याच्या मागे जुनी ब्रिटिश मोटारही येते. गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा मढच्या बंगल्यांत चित्रित झालेली अशी दृश्ये पाहताना जाणकारांची नजर आधी मोटारीवर जाते. अरुंद, उभट आणि चिमुकली असेल तर ती बहुधा ‘बेबी ऑस्टिन’, म्हणजे १९२२ ते १९३९ या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेली ऑस्टिन सेव्हन. मडगार्डपासून सुटे दिसणारे गोल दिवे आणि दाराखालची पायफळी दिसली, तर ती महायुद्धापूर्वीच्या घडणीची, मॉरिस एटसारखी मोटार. मात्र ‘चले जाव’च्या प्रसंगात अँबेसिडर धावताना दिसली तर काळाचा मेळ बिघडलाच, कारण मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ही मोटार रस्त्यावर आली ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस.

स्वातंत्र्यपूर्व दृश्यात भारतीय बनावटीची मोटार दाखवता येत नाही, कारण ती अस्तित्वातच नव्हती. ती असावी यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचणाऱ्या उद्योगपतीचे नाव वालचंद हिराचंद.

सोलापुरात स्थायिक झालेल्या जैन व्यापारी कुटुंबात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी त्यांचा जन्म झाला. घरच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जलवाहिनीचे काम यांतून त्यांचा लौकिक वाढला. १९१९ साली त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह सिंदिया जहाज कंपनी काढली. त्याच वर्षी ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडी पाडून या नव्या स्पर्धकाला बुडवण्याचा प्रयत्न केला. सत्ता आणि व्यापार यांचे लागेबांधे किती घट्ट आहेत, हे वालचंद तेथे शिकले.

मोटारीच्या बाबतीत हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत मोटारींची जुळणी सुरू केली होती. परंतु सुटे भाग परदेशातून यायचे आणि येथे फक्त जोडले जायचे. वालचंदांना जुळणी नव्हे, निर्मिती हवी होती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मोटार कारखान्याची सविस्तर योजना तयार केली आणि वालचंद तिचे आघाडीचे पुरस्कर्ते झाले. बाळासाहेब खेर यांचे मुंबईतील मंत्रिमंडळ या योजनेस अनुकूल होते. पण १९३९ साली महायुद्ध सुरू झाले, काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि दिल्लीतील सरकारने युद्धाची सबब पुढे करून हात आखडता घेतला. ज्या युद्धात हजारो लष्करी वाहने लागत होती, त्याच युद्धाचे कारण देऊन वाहनांचा कारखाना नाकारला गेला, हा त्यातील विरोधाभास.

याच सुमारास वालचंद अमेरिकेला गेले होते. फोर्डशी बोलणी जमली नाहीत. पुढे क्रायस्लरशी करार झाला. परतीच्या विमानप्रवासात त्यांची गाठ अमेरिकी विमान व्यावसायिक विल्यम पॉली यांच्याशी पडली. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाच्या कारखान्याचा विचार घेऊन परतला. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टची स्थापना झाली. पुढल्याच वर्षी, २१ जून १९४१ रोजी, विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. विमान झाले, जहाज झाले. मोटार मात्र अजून अडलेलीच होती.

अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली. कुर्ल्याला, तेव्हाच्या आग्रा रोडवर म्हणजे आताच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर तिचा कारखाना उभा राहिला आणि १९४७ साली तेथून वाहने बाहेर पडू लागली. घाटकोपर-कुर्ला परिसराच्या औद्योगिक जडणघडणीत या कारखान्याचा वाटा मोठा आहे. तिकडे बिर्लांच्या हिंदुस्तान मोटर्सने ब्रिटिश मॉरिसशी हातमिळवणी केली, तर वालचंदांच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या अमेरिकी गाड्या निघाल्या. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या तिन्ही नावांच्या मोटारींचे अंग बरेचसे सारखेच. समोरची जाळी आणि बिल्ला पाहूनच त्या ओळखाव्या लागतात. म्हणूनच फाळणीनंतरच्या मुंबईचे चित्रण करणाऱ्या मालिकेत अशी गाडी दिसली तर ती आयात केलेली की कुर्ल्यात तयार झालेली, हा प्रश्न रास्त ठरतो.

१९४९ साली वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते व्यवसायातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी कुर्ल्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागे असलेली, गोलसर अंगाची ही गाडी मुंबईकरांच्या तोंडी ‘डुक्कर फियाट’ झाली. तिच्याच वंशातील प्रीमियर पद्मिनीने काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने शहर व्यापले. यातली शेवटची नोंदणीकृत टॅक्सी वयोमर्यादेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आपल्या कारखान्याची सर्वाधिक लाडकी मोटार पाहणे वालचंदांच्या नशिबी नव्हते.

छोट्या पडद्यावरील जुनी मोटार ओळखणे हा अनेकांचा हौसेचा खेळ आहे. ऑस्टिन आणि मॉरिस यांची वर्षे त्यातून अचूक सांगता येतात. त्याच खेळात आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यायला हवी. त्या दृश्यात भारतीय मोटार नाही, ती येथे कोणाला बनवता येत नव्हती म्हणून नव्हे. बनवू इच्छिणाऱ्याला राज्यकर्त्यांनी बनवू दिली नाही म्हणून.