आर्चिबाल्ड मॅकलारेन

आर्चिबाल्ड मॅकलारेन (इ.स. १८२० च्या सुमारास – इ.स. १८८४) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले व्यायामशिक्षक, तलवारबाजीचे प्रशिक्षक आणि लेखक होते. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे त्यांनी चालवलेली व्यायामशाळा आणि ब्रिटिश सैन्यासाठी त्यांनी आखलेली व्यायामपद्धती यांमुळे ते ओळखले जातात. सैन्यात नव्याने भरती झालेल्या दुबळ्या किंवा असमान वाढीच्या तरुणाला थेट कष्टाच्या कामाला न जुंपता आधी त्याचे शरीर टप्प्याटप्प्याने घडवावे आणि त्याची प्रगती प्रत्यक्ष मोजमापांनी तपासावी, हा विचार त्यांनी ब्रिटिश सैन्यात रुजवला. इ.स. १८६० मध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बारा सैनिकांपासून ब्रिटिश सैन्याच्या शारीरिक प्रशिक्षण दलाची सुरुवात झाली.

प्रारंभिक जीवन

मॅकलारेन यांचा जन्म स्कॉटलंडमधील ॲलोआ या गावी झाला. तरुणपणी ते पॅरिसला गेले आणि तेथे त्यांनी तलवारबाजी व व्यायामविद्येचे शिक्षण घेतले. त्या काळी फ्रान्समध्ये या दोन्ही विद्यांना लष्करी शिक्षणात मानाचे स्थान होते. पुढे ते ऑक्सफर्डला स्थायिक झाले आणि विद्यापीठातील विद्यार्थ्यांना तलवारबाजी व व्यायाम शिकवू लागले. ओरिएल लेन या गल्लीत त्यांची तालीम होती. इ.स. १८५० च्या दशकात तेथे येणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये पुढे कवी व कारागीर म्हणून प्रसिद्ध झालेले विल्यम मॉरिस आणि चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स हेही होते. या दोघांशी मॅकलारेन यांचा स्नेह जडला. मॅकलारेन यांना लोककथांची आवड होती. परीकथांवर आधारित गाथागीतांचे त्यांचे 'द फेअरी फॅमिली' हे पुस्तक इ.स. १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यासाठी बर्न-जोन्स यांनी चित्रे काढली होती.

इ.स. १८५८ मध्ये ऑक्सफर्डच्या आल्फ्रेड स्ट्रीटवर मॅकलारेन यांच्या व्यायामशाळेची नवी इमारत उभी राहिली. विल्यम विल्किन्सन हे तिचे वास्तुविशारद होते. डंबेल्सपासून सिंगल बार, डबल बार, लाकडी घोडा, शिड्या आणि चढण्याच्या दोरांपर्यंत सर्व साधने तेथे होती. कोणते साधन कोणाला, केव्हा आणि किती वेळ द्यायचे याचा क्रम मॅकलारेन यांनी ठरवून दिला होता.

लष्करी सुधारणांची पार्श्वभूमी

क्रिमियाच्या युद्धात (इ.स. १८५३–१८५६) ब्रिटिश सैन्याची जी हानी झाली, तिच्यात शत्रूच्या गोळीने मेलेल्यांपेक्षा रोगराईने मेलेल्यांची संख्या कितीतरी अधिक होती. त्यानंतर इ.स. १८५७ मध्ये सिडनी हर्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमण्यात आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी जमवलेली आकडेवारी आयोगाच्या कामात महत्त्वाची ठरली. शांततेच्या काळात, मायदेशातील बराकींत राहणाऱ्या सैनिकांचा मृत्युदरही त्याच वयाच्या नागरिकांच्या सुमारे दुप्पट असल्याचे या चौकशीतून स्पष्ट झाले. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणी करून रोगट तरुण वगळले जात असत. त्यामुळे हे प्रमाण अधिकच धक्कादायक होते. मृत्यूच्या कारणांमध्ये क्षय व फुप्फुसांचे इतर विकार अग्रभागी होते.

दाटीवाटीच्या बराकी, कोंदट हवा आणि निकृष्ट अन्न ही या स्थितीची मुख्य कारणे मानली गेली. त्याचबरोबर सैनिकाच्या दिनक्रमातील व्यायामाचा अभावही पुढे आला. ब्रिटिश सैन्यात त्या काळी सक्तीची भरती नव्हती. गरिबी व बेकारीमुळे पुष्कळ तरुण सैन्यात येत. अर्धपोट वाढलेल्या अशा तरुणाला कवायत शिस्त आणि एकसारख्या हालचाली शिकवत असे, परंतु त्याची अरुंद छाती किंवा दुबळे दंड कवायतीने भरून येत नसत.

युरोपातील इतर देशांनी या दिशेने आधीच पावले टाकली होती. प्रशियाने बर्लिनमध्ये इ.स. १८५१ मध्ये व्यायामशिक्षकांची मध्यवर्ती संस्था स्थापन केली होती, तर फ्रान्सने इ.स. १८५२ मध्ये पॅरिसजवळच्या ज्वाँव्हिल येथे लष्करी व्यायामशाळा सुरू केली होती. ब्रिटिश युद्धखात्याने मेजर फ्रेडरिक हॅमर्स्ली आणि लष्करी वैद्यकीय सेवेतील डॉ. लोगन यांना या पद्धती पाहण्यासाठी पाठवले. त्यानंतर सैन्यासाठी स्वतंत्र पद्धती तयार करण्याचे काम मॅकलारेन यांच्याकडे आले.

बारा जणांची तुकडी

इ.स. १८६० मध्ये हॅमर्स्ली यांच्या नेतृत्वाखाली सार्जंट, कॉर्पोरल अशा हुद्द्यांवरील बारा सैनिक ऑक्सफर्डला पाठवण्यात आले. मॅकलारेन यांच्याकडे शिकून त्यांनी पुढे सैन्यात शिक्षक म्हणून काम करावे, अशी योजना होती. हे सैनिक वेगवेगळ्या पलटणींतून आले होते. त्यांतील सर्वांत लहान १९ वर्षांचा होता आणि सर्वांत मोठा तिशीच्या आतला होता. कोणी ५ फूट ५ इंच उंचीचा, तर कोणी ६ फुटांचा होता. कोणाची नोकरी दोन वर्षांची, तर कोणाची बारा वर्षांची होती. काही जण धडधाकट, तर काही नाजूक प्रकृतीचे होते.

ही तुकडी पाहून मॅकलारेन प्रथम निराश झाले. इतक्या निरनिराळ्या शरीरांच्या माणसांना एकाच वर्गात एकच व्यायाम देणे अवघड होते आणि त्यांच्यापैकी काही जण तर शिक्षकाच्या कामाला योग्यही दिसत नव्हते. मात्र, ही तुकडी म्हणजे संपूर्ण सैन्याचाच एक नमुना आहे, हे त्यांच्या लक्षात आले. उंच आणि ठेंगणे, सशक्त आणि अशक्त अशा सर्वांवर पद्धतीचा काय परिणाम होतो ते बारकाईने नोंदवले, तर सैन्यात ती लागू केल्यावर काय होईल याचा अंदाज बांधता येईल, असा विचार करून त्यांनी प्रत्येकाचे वजन, छातीचा घेर, दंड आणि पुढचा हात यांची मापे घेतली.

सुमारे आठ महिन्यांनंतर ही मापे पुन्हा घेण्यात आली. वजनातील वाढ कमीत कमी ५ पौंड, जास्तीत जास्त १६ पौंड आणि सरासरी १० पौंड होती. छातीचा घेर कमीत कमी १ इंच आणि जास्तीत जास्त ५ इंचांनी वाढला होता. त्याची सरासरी वाढ पावणेतीन इंचांहून थोडी अधिक होती. दंडाच्या घेरातही प्रत्येकाच्या बाबतीत किमान १ इंचाची भर पडली होती. प्रशिक्षणाच्या चौथ्या महिन्याच्या आतच काही सैनिकांना मदतीशिवाय गणवेश अंगात घालता येईना आणि घातला तरी त्याची दोन्ही टोके समोर जुळेनात. आणखी महिनाभरात ते कपडे पूर्णपणे निरुपयोगी झाले. नवे गणवेश येईपर्यंत या सैनिकांना वरचा ओव्हरकोट घालूनच व्यायामशाळेत ये-जा करावी लागली.

पुढे मॅकलारेन यांनी वूलिच येथील लष्करी अकादमीच्या तरुण विद्यार्थ्यांवरही अशीच मापे घेऊन निरीक्षणे नोंदवली.

नवसैनिकांसाठी व्यायामपद्धती

या अनुभवाच्या आधारे मॅकलारेन यांनी सैन्यातील शिक्षकांसाठी लिहिलेले 'अ मिलिटरी सिस्टिम ऑफ जिम्नॅस्टिक एक्सरसाइझेस' हे पुस्तक इ.स. १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील व्यायाम सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या क्रमाने मांडलेले आहेत. प्रथम डंबेल्स व बारबेलचे हलके व्यायाम, मग धावणे व उड्या, त्यानंतर लाकडी घोडा आणि बारवरील व्यायाम आणि शेवटी दोर, खांब, शिडी व भिंत चढणे असा हा क्रम होता. शेवटच्या टप्प्याचा तटबंदी चढण्यासारख्या प्रत्यक्ष लष्करी कामाशी थेट संबंध होता.

नवसैनिक आणि मुरलेला सैनिक यांच्यासाठी वेगवेगळे अभ्यासक्रम ठरवण्यात आले. भरती होणारा तरुण बहुधा वाढीच्या वयातला असे. या वयात शरीराला योग्य वळण दिले तर ते घडते आणि ताकदीबाहेरचे श्रम दिले तर ते मोडते, असे मॅकलारेन यांचे प्रतिपादन होते. व्यायामाने शरीरातील जुन्या ऊतींची झीज होते आणि त्यांच्या जागी नव्या, अधिक बळकट ऊती तयार होतात. त्यासाठी पुरेसे अन्न आणि विश्रांती मिळाली पाहिजे, असे ते मानत. शरीराचे जे भाग रोजच्या कामात वापरले जातात ते आपोआप बळकट होतात आणि जे वापरले जात नाहीत ते मागे पडतात. त्यामुळे शिक्षकाने आधी हे मागे पडलेले भाग ओळखावेत, यावर त्यांचा भर होता. ताकद आणि आरोग्य या एकच गोष्टी नाहीत, हेही त्यांनी आग्रहाने मांडले. एखाद्याचे दंड भरदार असूनही त्याचे हृदय व फुप्फुसे दीर्घ श्रमांना अपुरी पडू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

इतर पद्धतींविषयीची मते

मॅकलारेन यांनी प्रशियन, स्वीडिश आणि फ्रेंच पद्धतींचा तुलनात्मक अभ्यास केला होता. पेर हेन्रिक लिंग यांनी स्वीडनमध्ये विकसित केलेल्या साधनांविना करायच्या हालचाली आजारी व अशक्त माणसांना उपयोगी असल्या, तरी निरोगी तरुणाच्या वाढीसाठी त्या अपुऱ्या आहेत, असे त्यांचे मत होते. फ्रेंच पद्धतीत शरीर घडवणारे व्यायाम आणि केवळ कौशल्य दाखवणाऱ्या कसरती यांची सरमिसळ झाली आहे, अशी टीका त्यांनी केली. खेळ आणि शैक्षणिक व्यायाम यांतही ते फरक करत. खेळामुळे उत्साह व चपळाई येते, पण त्यातून शरीराच्या सर्व भागांची सारखी वाढ होतेच असे नाही.

इतर कार्य

विद्यापीठातील नौकावहन स्पर्धांच्या तयारीविषयी मॅकलारेन यांनी 'ट्रेनिंग इन थिअरी अँड प्रॅक्टिस' (इ.स. १८६६) हे पुस्तक लिहिले. खेळाडूंना अर्धे कच्चे मांस खायला देणे, पाणी तोडणे आणि मुद्दाम घाम काढणे अशा रूढ प्रथांना त्यांनी त्यात विरोध केला. 'अ सिस्टिम ऑफ फिजिकल एज्युकेशन' (इ.स. १८६९) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ होय. त्यात लष्करी प्रयोगाची हकिकत आणि शाळांसाठीचा अभ्यासक्रम यांचा समावेश आहे. मॅकलारेन यांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र वॉलेस यांनी या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती इ.स. १८९५ मध्ये काढली.

मॅकलारेन यांच्या पत्नी गर्ट्रूड या ऑक्सफर्डमधील पुस्तकविक्रेते व प्रकाशक टॅलबॉइज यांच्या कन्या होत्या. इ.स. १८६४ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डमध्ये लहान मुलांची शाळा सुरू केली. तेथे अध्यापनाची बाजू गर्ट्रूड यांनी, तर मुलांच्या आरोग्य व व्यायामाची बाजू मॅकलारेन यांनी सांभाळली. 'समर फील्ड्स' या नावाने ही शाळा आजही चालू आहे. निरोगी शरीरात निरोगी मन, या अर्थाचे लॅटिन वचन हे तिचे बोधवाक्य आहे.

वारसा

ऑक्सफर्डहून परतलेल्या बारा जणांमधून 'आर्मी जिम्नॅस्टिक स्टाफ' हे पथक तयार झाले. ऑल्डरशॉट ही छावणी त्याचे केंद्र बनली आणि हॅमर्स्ली यांच्याकडे त्याची सूत्रे आली. मूळच्या बारा जणांचा उल्लेख सैन्यात येशूच्या बारा शिष्यांच्या नावाने होऊ लागला.

मॅकलारेन यांच्या पद्धतीला मर्यादाही होत्या. तिच्यासाठी मोठी इमारत, महागडी साधने आणि प्रशिक्षित शिक्षक लागत. त्यामुळे मोठ्या संख्येने येणाऱ्या नवसैनिकांना ती पुरवणे कठीण होते. केवळ बारा जणांची मापे हा संख्येने लहान आधार होता आणि त्यांच्याशी तुलना करण्यासाठी व्यायाम न केलेला दुसरा गट नव्हता. शिवाय छातीच्या घेरात पाठीच्या व छातीच्या स्नायूंची भरही मोजली जाते. त्यामुळे वाढलेला घेर म्हणजे फुप्फुसांची वाढलेली क्षमता, असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या बोअर युद्धाच्या (इ.स. १८९९–१९०२) वेळी भरतीसाठी आलेल्या तरुणांपैकी मोठ्या संख्येने तरुण शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरले. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीने इ.स. १९०४ मध्ये अहवाल दिला. त्यानंतरच्या काही वर्षांत ब्रिटिश सैन्याने मॅकलारेन यांच्या पद्धतीऐवजी साधनांची फारशी गरज नसलेली स्वीडिश पद्धती स्वीकारली. मॅकलारेन यांनी जिला अपुरी ठरवले होते, तीच पद्धती अशा रीतीने त्यांच्या पद्धतीच्या जागी आली. मात्र, प्रशिक्षणाचा प्रारंभ नवसैनिकाच्या प्रत्यक्ष शारीरिक स्थितीपासून करावा आणि श्रम क्रमाक्रमाने वाढवावेत, हे त्यांचे तत्त्व टिकून राहिले.

ऑल्डरशॉट येथील पथकाचे इ.स. १९१८ मध्ये 'आर्मी फिजिकल ट्रेनिंग स्टाफ' आणि इ.स. १९४० मध्ये 'आर्मी फिजिकल ट्रेनिंग कोअर' असे नामांतर झाले. इ.स. २०१० मध्ये त्याला 'रॉयल' ही उपाधी मिळाली. हे दल इ.स. १८६० हेच आपले स्थापनावर्ष मानते.