सासष्टीचे फादर टॉमस स्टीफन्स

मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या कवींचीं नांवें विचारलीं, तर आमचे विद्यार्थी ज्ञानेश्वर, एकनाथ हीं नांवें चटकन् घेतात. परंतु त्याच पंक्तींत बसणारें एक नांव इंग्रज माणसाचें आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. फादर टॉमस स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, बुश्टन नांवाच्या खेड्यांत, सुमारें १५४९ सालीं झाला. त्यांचें चरित्र वाचतांना एक गोष्ट प्रथम ध्यानांत ठेविली पाहिजे. प्रजेचा धर्म राजसत्तेनें ठरवावा, हा प्रकार त्यांनीं आपल्या देशांतच पाहिला होता. एलिझाबेथ राणी १५५८ सालीं गादीवर आली आणि पुढल्याच वर्षीं राष्ट्रीय चर्चमधील हजेरी कायद्यानें सक्तीची झाली. कॅथॉलिक उपासना गुन्हा ठरली. स्टीफन्स यांचे परमस्नेही टॉमस पाउंड यांस या पंथनिष्ठेपायीं जवळजवळ तीस वर्षें तुरुंगांत काढावीं लागलीं. दोघांनीं मिळून रोमला जावयाचें ठरविलें होतें. पाउंड पकडले गेले, व स्टीफन्स एकटे निघाले. रोम येथें १५७५ सालीं ते जेझुइट संघांत दाखल झाले, आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरले.

त्यांचें उर्वरित आयुष्य, म्हणजे चाळीस वर्षें, मुख्यत्वेंकरून सासष्टी महालांत गेलें. आमच्या ठाणें जिल्ह्यांतील साष्टी ती निराळी; दोहोंच्याहि नांवाचा उगम सहासष्ट गांवांत सांगतात, एवढेंच साम्य. गोव्याची सासष्टी १५४३ सालीं पोर्तुगीजांच्या हातीं आली. तेथें पुढें काय घडलें, तें म्हसा गांवच्या वाचकांस एका कल्पनेनें कळेल. पौष पौर्णिमेस म्हसोबाची यात्रा भरते, बैलांचा बाजार भरतो, लांबलांबचीं माणसें येतात. एके वर्षीं सरकारचा हुकूम यावा, कीं यात्रा बंद, देऊळ जमीनदोस्त, पुजाऱ्यांनीं मुलुख सोडावा. सासष्टींत नेमकें हेंच झालें. १५६७ च्या सुमारास तेथील अडीचशेंहून अधिक देवळें पाडलीं गेलीं. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, म्हाळसा वेर्ण्याहून मार्दोळास गेली. जे देवाबरोबर गेले, त्यांनीं घरदार व शेतें गमावलीं. जे शेतांपाशीं राहिले, त्यांपैकीं बहुतेकांनीं बाप्तिस्मा घेतला. कोणी भीतीनें, कोणी वतनासाठीं, कोणी विश्वासानें. कोणाच्या मनांत काय होतें, तें आज कोण सांगणार?

सक्तीचा परिणाम काय होतो, हें फादर स्टीफन्स यांस लवकरच दिसलें. १५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळीच्या गांवकऱ्यांनीं, देऊळ पुनःपुन्हां मोडलें गेल्याच्या संतापानें, पांच जेझुइटांस ठार केलें. त्यांत अकबराच्या दरबारीं राहून आलेले रुडॉल्फ आक्वाविवा हेहि होते. प्रेतें मिळविण्याचें कठीण काम स्टीफन्स यांनीं पार पाडलें. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं मग गांवच्या नायकांस बोलणें करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत नेलें व तेथें त्यांची कत्तल केली. हा विश्वासघात होता. त्यास दुसरें नांव देतां येत नाहीं.

त्याच वर्षीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं या देशाच्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचें नोंदविलें. भाषाशास्त्र जन्मास येण्यापूर्वीं दोनशें वर्षें हें एका मिशनऱ्यास दिसलें! ते कोंकणी शिकले, तिचें व्याकरण त्यांनीं रचिलें, आणि मराठीचा अभ्यास तर असा केला, कीं ओवी त्यांच्या हातीं सहज वळूं लागली.

त्यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा उगम मनाला चटका लावणारा आहे. ग्रंथाच्या आरंभीं एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीबोवांस विनवितो, कीं आमचीं पूर्वींचीं पुराणें आम्हीं सोडलीं, आतां त्यांच्या जागीं वाचावयास कांहींतरी द्यावें. देवळें गेलीं, पोथ्या गेल्या. नव्या धर्माची प्रार्थना पाठ होती, परंतु सायंकाळीं चार माणसें जमवून वाचावें असें कांहीं हातीं उरलें नव्हतें. बाप्तिस्मा घेतलेल्यांचीं मुलें व नातवंडें तोंवर मोठीं झालीं होतीं. त्यांच्यासाठीं फादर स्टीफन्स यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांत, दोन खंडांत, बायबलांतील कथा मराठी पुराणाच्या थाटानें गाइली. इकडील लिपीचे खिळे पाडावे म्हणून १६०८ सालीं त्यांनीं रोमला लिहिलें. परंतु तें साधलें नाहीं, व ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन अक्षरांत छापला गेला. १६१९ सालीं ते निवर्तले.

ज्या राज्यानें जुन्या पोथ्या नष्ट केल्या, त्याच राज्यानें पुढें कोंकणीवर हात उगारिला. १६८४ च्या फर्मानानें तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा शिकून आपली बोली टाकण्याची आज्ञा झाली. क्रिस्तपुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांपैकीं एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांनीं, आणि गोव्यांतून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो जपला म्हणून. १९०७ सालीं तो मंगळूरलाच पुन्हां छापला गेला. देवनागरींत पुणें येथें तो निघाला १९५६ सालीं.

हीं कुटुंबें कोणाचे वंशज? ज्यांच्या पणजोबांस निवड करूं दिली नव्हती, त्यांचेच. तरीहि धर्म त्यांनीं आपला म्हणून जतन केला. वसईकडेहि असेंच दिसतें. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला, सक्ती करणारें राज्य गेलें. परंतु तेथील शेतकरी-कोळी ख्रिस्ती बहुसंख्येनें ख्रिस्तीच राहिले व आपली मराठी बोली बोलत राहिले. पूर्वजांवर लादलेला धर्म दोनशें वर्षांत वंशजांचा झाला होता. याचें श्रेय सक्तीस देणारे लोक मला भेटले आहेत. मला तें पटत नाहीं. सक्तीनें माणूस चर्चच्या दारापर्यंत नेतां येतो, त्याच्या घरांत गाणें ठेवितां येत नाहीं. तें काम स्टीफन्स यांच्यासारख्यांनीं केलें.

मात्र धर्म आपला झाला म्हणून स्मृति पुसली गेली, असें नाहीं. कुंकळ्ळीची शांतादुर्गा तेव्हां फातर्प्यास गेली, ती अजून तेथेंच आहे. शिमग्याच्या दिवसांत तिची मिरवणूक बारा वांगडांच्या बारा छत्र्यांसह आपल्या मूळ गांवीं येते, आणि तींत गांवचे ख्रिस्ती गांवकरहि भाग घेतात. असोळण्यास मारल्या गेलेल्या नायकांचें स्मारक कुंकळ्ळींत आतां उभें आहे. तें व्हावें म्हणून झटणाऱ्यांत रविवारीं चर्चला जाणारे लोक होते. त्याच गांवांत, ज्या पांच जेझुइटांचीं प्रेतें फादर स्टीफन्स यांनीं मिळविलीं, त्यांच्याहि स्मरणार्थ एक चॅपेल आहे.