परंड्याची तोफ आणि अंबरचे घोडेस्वार

परंडा हे धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे तालुक्याचे गाव. बार्शीकडून एसटीने गेले की किल्ल्याचे बुरुज दिसू लागतात. डोंगर नाही, कडा नाही. सपाट रानात खंदक खणून आणि दुहेरी तट उभारून केलेला हा भुईकोट. बुरुजांवर अजून काही तोफा पडून आहेत. पण या किल्ल्याची सर्वांत नामांकित तोफ आज इथे नाही, ती विजापूरला आहे. मुलूखमैदान तिचे नाव. १५४९ साली अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, महंमद बिन हसन रूमी या कारागिराने ती ओतली. वजन सुमारे पंचावन्न टन. तिच्या तोंडात एखादा माणूस सहज बसू शकेल.

आता एक योगायोग पाहा. ही तोफ ओतली गेली त्याच सुमारास, १५४८ च्या आगेमागे, समुद्रापलीकडे हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, एक मूल जन्माला आले. चापू त्याचे नाव. पुढे हे मूल मलिक अंबर म्हणून गाजले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याच्या वाट्याला गनिमी कावा आणि जमीन महसूल अशा दोन ओळी येतात आणि परीक्षेनंतर त्याही आपण विसरतो.

आज त्याची आठवण काढण्याचे कारण मात्र शाळेतले नाही. लग्नाचे चित्रण करणारे आणि पिकावर फवारणी करणारे ड्रोन आता आपल्या परिचयाचे झाले आहेत. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री गावांवर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या बातम्यांनी पुणे जिल्ह्यापासून मराठवाड्यापर्यंत लोकांची झोप उडवली होती. युक्रेनच्या युद्धात पाच-पन्नास हजार रुपयांचे उडते यंत्र कोट्यवधींचा रणगाडा जाळते, हे सगळ्या जगाने पाहिले. ३ सप्टेंबर २०२५ रोजी बीजिंगच्या संचलनात चीनने वैमानिकाविना उडणाऱ्या यंत्रांची रांगच जगापुढे मांडली. तेव्हापासून जो तो विचारतो आहे, की उद्याची लढाई जड शस्त्र जिंकणार की हलके? आणि हलक्या शस्त्राची दोरी कोणाच्या हाती असणार? परंड्यात बसून या प्रश्नाशी झुंजलेला माणूस म्हणून मला अंबर महत्त्वाचा वाटतो.

लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. येमेनमधले मोखा, तिथून बगदाद असा त्याचा प्रवास झाला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या मालकाने त्याला अंबर हे नाव दिले आणि दख्खनमध्ये आणून विकले. विकत घेणारा होता चंगीझखान, अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य वजीर. हा चंगीझखानही मूळचा हबशी आणि एके काळचा गुलाम! त्या काळच्या दख्खनमध्ये हबशी गुलाम घोड्यावर बसे, तलवार चालवी, हिशेब शिके आणि मालकाच्या पश्चात बहुधा मोकळाही होई. अंबरचे तसेच झाले. चंगीझखान वारला, अंबर मोकळा झाला, त्याने लग्न केले आणि भाल्याच्या जोरावर चाकरी शोधीत तो हिंडू लागला. वीसेक वर्षे अशी गेली. विजापूरच्या नोकरीत मलिक ही पदवी मिळाली, पण पदवीने पोट भरत नाही. १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला तेव्हा त्याच्यामागे शेकड्यांत मोजावे इतकेच स्वार होते आणि वय पन्नाशीकडे झुकले होते. बँकेत असताना पन्नाशीनंतर बढती नाकारणारे पुष्कळ पाहिले. या गृहस्थाची खरी कारकीर्द तिथून सुरू झाली.

१६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले. चांदबिबी आपल्याच लोकांकडून मारली गेली. बालसुलतान बहादूर ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला. राज्य बुडाले, असे अकबराच्या दरबारी कागदांत लिहूनही झाले असेल. इकडे अंबरने निजामशाही घराण्यातला एक तरुण वारस शोधला, त्याला आपली मुलगी दिली आणि परंड्याच्या किल्ल्यात दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून त्याच्या डोक्यावर छत्र धरले. म्हणजे काही वर्षे आपले परंडा हे एका राज्याची राजधानी होते. पुढे राजधानी जुन्नरला आणि मग दौलताबादला गेली.

परंड्यात बसून अंबरने काय हिशेब केला असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. समोर हिंदुस्थानातील सर्वांत श्रीमंत बादशहा. त्याची फौज म्हणजे चालते शहर. हत्ती, अवजड तोफा, तंबू, खजिना, बाजार आणि बाजारबुणगे असा तो पसारा. ही फौज जिथे पोचेल तिथे जिंकेल, पण ती पोचायला वेळ लागतो आणि तिला रोज खायला लागते. मुलूखमैदानसारखी एक तोफ बुरुजावर चढवायची तर दहा हत्ती आणि चारशे बैल लागले असे सांगतात. अशा शत्रूपुढे आपणही तितक्याच जड तोफा ओतीत बसणे म्हणजे सावकाराशी श्रीमंतीची स्पर्धा करणे. अंबरने ती केली नाही. किल्ले आणि तोफा त्याच्याकडेही होत्या, पण त्याने भर दिला तो हलक्या घोडदळावर. मराठे आणि हबशी असे हे स्वार. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणणारा, बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. यावरूनच या लढाईला बारगीगिरी म्हणू लागले. समोर ठाकायचे नाही, बाजूने यायचे. शत्रूची रसद तोडायची, दाणावैरण जाळायची, रात्री छावणीवर बाणांचा मारा करायचा. बाण म्हणजे दारू भरलेली, आग ओकीत उडणारी नळी. आजच्या उडत्या शस्त्रांची ती खापरपणजीच म्हणायची. १६१० च्या सुमारास इकडे आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबरच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याची नोंद केली आहे.

या लढाईचे आजचे रूप १ जून २०२५ रोजी दिसले. युक्रेनने मालमोटारींत लपवून रशियात नेलेले ११७ ड्रोन विमानतळांजवळ बाहेर काढले आणि उभी बाँबफेकी विमाने पेटवली. आघाडीवर न भिडता शत्रूच्या पागेत शिरण्याचाच हा प्रकार. अंबरला तो समजावून सांगावा लागला नसता.

पण हलके शस्त्रही फुकट येत नाही, आणि इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. पन्नास हजार घोड्यांना दाणा कुठून आणायचा? अंबरने तो जमिनीतून आणला. जमिनीची पाहणी केली, मगदुराप्रमाणे प्रती लावल्या, इजारेदार बाजूला सारून वसुली गावच्या पाटलांवर सोपवली. आधी उत्पन्नाचा दोन-पंचमांश भाग धान्यात आणि पुढे सुमारे एक-तृतीयांश रोखीत, अशी ही मलिकंबरी पद्धत. रयत टिकली तर वसुली टिकेल आणि वसुली टिकली तर घोडा, हे त्याला पक्के ठाऊक होते. १६१० मध्ये त्याने खडकी हे नवे शहर वसवले, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून आणलेली त्याची नहर शतकानुशतके लोकांची तहान भागवीत राहिली.

एक गोष्ट मात्र जमिनीतून निघत नव्हती, आणि ती म्हणजे उत्तम घोडा. देशी तट्टू काटक, पण लढाईचा उंची घोडा अरबस्तानातून आणि इराणातून गलबतांनी यायचा आणि समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना चाले. म्हणजे ज्या शस्त्रावर राज्य उभे होते, त्याची वाट परक्यांच्या हातातून जात होती. ड्रोनच्या बाबतीत आज तेच आहे. मोटारीतले चुंबक, बॅटरी, कॅमेरे यांतले बरेच काही चीनमधून येते. चुंबकांसाठी लागणाऱ्या दुर्मीळ मूलद्रव्यांच्या प्रक्रियेवर तर चीनचीच पकड आहे. शेन्झेनच्या डीजेआय कंपनीची चित्रीकरणासाठी केलेली यंत्रे युक्रेन आणि रशिया दोघांनीही एकमेकांवर सोडली. सप्टेंबर २०२३ पासून चीनने काही ड्रोनच्या निर्यातीवर बंधने घातली, एप्रिल २०२५ मध्ये काही चुंबकांवरही. एकाच दुकानदाराने दोन्ही पक्षांना घोडे विकावेत आणि हवे तेव्हा दुकानाची फळी लावावी, असा हा व्यवहार. भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार परदेशी ड्रोनची आयात बंद केली, पण सुट्या भागांची वाट उघडी ठेवावी लागली. २०२५ च्या आरंभी चिनी भागांच्या कारणाने लष्करासाठीच्या चारशे ड्रोनचे करार रद्द करावे लागले. आपल्या नागपुरात तयार झालेली नागास्त्र ही घिरट्या घालून लक्ष्यावर झडप घेणारी यंत्रे जून २०२४ पासून लष्कराकडे जाऊ लागली. पहिल्या खेपेत १२० गेली, मागणी ४८० ची होती. बरे वाटते, पण चीनच्या कारखान्यांपुढे हा आकडा किती, हे आपले आपणच पाहावे.

अंबरकडे परत येऊ. त्याला केवळ गनिमी काव्याचा माणूस म्हणणे मला पटत नाही. तो मैदानातही लढला आणि हरलाही. १६०२ मध्ये नांदेडजवळ तो जखमी होऊन पडला, त्याच्या माणसांनी त्याला रणातून उचलून नेले म्हणून वाचला. १६१६ मध्ये रोशनगावला त्याचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळली. १६१७ मध्ये शाहजादा खुर्रमपुढे त्याला तह करावा लागला आणि नंतर तीन वर्षांत त्याने तो मोडलाही.

जहांगीर बादशहा त्याच्या नावाने आयुष्यभर बोटे मोडीत राहिला. आपल्या आठवणींत त्याने अंबरच्या वर्णावरून अपशब्द लिहिले. आणि १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराने एक विलक्षण चित्र काढले. भाल्याच्या टोकावर अंबरचे शिर आहे आणि जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्यावर बाण सोडतो आहे! डब्लिनच्या संग्रहालयात ते चित्र आजही आहे. प्रत्यक्षात बादशहाला अंबरचे शिर कधीच मिळाले नाही.

हे चित्र आठवले की मला अस्वस्थ व्हायला होते. कारण आज बादशहाला चित्रकाराची गरज उरलेली नाही. अंबरला वाचवणारे दोघे होते, रात्र आणि डोंगर. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याला रात्र आड येत नाही आणि तासन् तास आकाशात राहणाऱ्या यंत्राला डोंगर आड येत नाही. चीनची विंग लूंग आणि सीएच-४ ही अशी यंत्रे सौदी अरेबिया, नायजेरिया, पाकिस्तान यांनी घेतली. ज्या येमेनच्या बंदरात अंबर विकला गेला, त्याच येमेनवर सौदीची चिनी ड्रोन फिरली. म्हणजे तेच तंत्र दुबळ्याच्या हाती बारगीराचा घोडा आणि बलाढ्याच्या हाती जहांगिराचा बाण ठरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये चीनने झुहाईच्या प्रदर्शनात जिउतियान नावाचे सोळा टनांचे ड्रोन मांडले. त्याच्या पोटातून लहान ड्रोनचा थवा सोडता येईल असे सांगतात. जड आणि हलके एकाच मालकाकडे जमले, तर अंबरसारख्याने कुठे जायचे? मला याचे उत्तर सापडलेले नाही.

अंबरचे स्वतःचे उत्तर १६२४ मध्ये भातवडीला मिळाले. मोगल आणि विजापूरकर एकत्र चालून आले तेव्हा तो पंचाहत्तरी ओलांडलेला होता. त्याने तळ्याचा बांध फोडला. सगळे रान चिखल झाले, हत्ती आणि गाडे रुतले, वर पाऊस. उपाशी छावणीवर रात्री छापे पडू लागले. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला, मोगल सरदार कैद झाले. शहाजीराजे इथेच नावारूपाला आले, त्यांचे बंधू शरीफजी इथेच पडले. जिंकल्याचे श्रेय अंबरने कोणाला दिले, यावरून पुढे रुसवेफुगवे झाले आणि शहाजीराजे विजापूरकडे गेले. कसलेल्या माणसांना धरून ठेवणे, हे घोडे मिळवण्याहून कठीण.

मे १६२६ मध्ये अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. मुलगा फतेखान वजीर झाला, पण त्याला बापाची सर नव्हती. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेले, १६३६ मध्ये निजामशाही संपली. त्याआधीच, १६३२ मध्ये, विजापूरकरांनी मुलूखमैदान परंड्याहून ओढीत नेली. सोबतची दुसरी तोफ नदीत बुडाली असे म्हणतात. मुलूखमैदान पोचली आणि शेर्झा बुरुजावर चढली.

१८५४ मध्ये साताऱ्याच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी विजापूरचे निरुपयोगी सामान लिलावात काढले, त्यात ही तोफही होती. पंचावन्न टन धातूला बोली लागली १५० रुपये. एवढ्या किमतीत तिला विकणे बरे नव्हे असे कोणा साहेबाला वाटले आणि तोफ जिथल्या तिथे राहिली.