हान्स रेनॉल्ड : सायकलच्या चेनमागचा माणूस



शास्त्रज्ञांची चरित्रं आपण मुलांना सांगतोच. पण शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या सायकलींची चेन कोणी सुधारली, हे फारसं कोणी विचारत नाही. आजचा पाठ त्या माणसावर आहे. त्याच्या कामातून एक रोजचा प्रश्नही सुटतो, तो म्हणजे चेन घसरायला लागली की नुसती चेन बदलायची, की दातेरी चाकंही बदलायची?

जन्म आणि मँचेस्टरला आगमन

हान्स रेनॉल्ड यांचा जन्म 1852 साली स्वित्झर्लंडमधल्या आराऊ या गावी झाला. 1873 मध्ये, म्हणजे विशीतच, ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आले. हे शहर तेव्हा कापड गिरण्यांचं माहेरघर होतं. गिरणीतल्या यंत्रांना साखळ्या लागत. शेजारच्या साल्फर्डमध्ये जेम्स स्लेटर यांचा असाच साखळ्या बनवण्याचा छोटा कारखाना होता. 1879 मध्ये रेनॉल्ड यांनी तो विकत घेतला.

1880 चा शोध

स्लेटर यांनी 1864 मध्येच रोलर असलेल्या साखळीचं पेटंट घेतलं होतं. मग रेनॉल्ड यांनी वेगळं काय केलं? जुन्या साखळीत पिन थेट कडीच्या पातळ पट्टीवर घासायची. सगळी ओढ त्या पट्टीच्या जाडीएवढ्या जागेवर यायची, आणि साखळी लवकर झिजायची.

रेनॉल्ड यांनी आतल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये एक पोकळ नळी घट्ट बसवली. तिला बुश म्हणतात. पिन बुशच्या आत फिरते, रोलर बुशच्या बाहेर फिरतो. आता ओढ बुशच्या पूर्ण लांबीवर वाटली गेली. मुलांना दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे शिकवताना याहून सोपं उदाहरण सापडणार नाही. आज तुमच्या मोटरसायकलला जी रोलर चेन असते, तिची रचना मुळात हीच आहे.

पुढे 1885 मध्ये त्यांनी कमी आवाज करणारी दातेरी कड्यांची साखळीही काढली.

झीज कुठे लपते?

आपण सहज म्हणतो, चेन ताणली. खरं तर पोलाद फारसं ताणलं जात नाही. पिन आणि बुश एकमेकांवर घासून प्रत्येक सांध्यात थोडी पोकळी होते, आणि या पोकळ्यांची बेरीज म्हणजे वाढलेली लांबी. सायकलच्या चेनचा पिच, म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर, अर्धा इंच (12.7 मिमी) असतो. म्हणून 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. आतली आणि बाहेरची कडी वेगवेगळी मोजायची.

मुलांच्या 12 इंची पट्टीनेच मोजून बघा:

- लांबी 12 इंच आणि 1/16 इंचापेक्षा कमी असेल, तर चेन अजून चालेल.
- 1/16 इंच वाढली असेल, तर चेन बदला. दाते बहुधा अजून चांगले असतात.
- 1/8 इंच किंवा जास्त वाढली असेल, तर दातेही खराब झालेले असणार.

1/16 इंच म्हणजे प्रत्येक सांध्यात जेमतेम 0.07 मिमी, साधारण केसाच्या जाडीएवढी झीज. डोळ्यांना ती दिसत नाही, म्हणून मोजायचं. सायकल स्टँडवर असावी, चाक थांबलेलं असावं आणि मोठं माणूस जवळ असावं. चेन आणि चाकामध्ये बोट सापडलं तर गंभीर इजा होते.

नवं दातेरी चाक निवडताना

लांबलेली चेन दात्याच्या टोकाकडे चढते. मग दाते आकड्यासारखे वाकडे झिजतात. अशा दात्यांवर नवी चेन नीट बसत नाही. जोरात पेडल मारलं की ती उडी मारते आणि नवी असूनही लवकर झिजते. भर रस्त्यात अशी चेन सुटली तर मूल पडू शकतं. थोडे पैसे वाचवायला गेलो आणि दुप्पट खर्च झाला, असंही होतं. म्हणूनच मोटरसायकलसाठी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र किट म्हणून मिळतात. घेताना एवढं तपासा:

1. पिच आणि रोलर : नुसता पिच जुळून चालत नाही. ब्रिटिश मापाची 08बी आणि अमेरिकन मापाची 40 नंबरची, दोन्ही चेनचा पिच 12.7 मिमी, पण रोलरचा व्यास 8.51 आणि 7.92 मिमी. म्हणून एकीचं चाक दुसरीला लावू नये.
2. रुंदी : दाता कडीच्या आत मोकळा बसला पाहिजे.
3. दात्यांची संख्या : ती बदलली तर वेग आणि जोर यांचं गुणोत्तर बदलतं. यंत्रांमध्ये लहान चाकाला शक्यतो 17 किंवा अधिक दाते ठेवतात. दाते कमी असले तर चेन हिसके देते.
4. मधलं भोक आणि चावीची खाच : शाफ्टच्या मापाशी जुळायला हवी.

गणिताचा तास

समजा चेनला 100 कड्या आहेत आणि चाकाला 20 दाते. 20 ने 100 ला भाग जातो, म्हणून प्रत्येक दात्याला कायम त्याच 5 कड्या भेटतात. एखादी कडी खराब असेल तर ठरावीक दाताच मार खातो. 19 दाते घेतले, तर 19 आणि 100 यांचा मसावि 1 आहे. प्रत्येक दात्याला सगळ्या 100 कड्या भेटतात आणि झीज समान वाटली जाते. मसावि कशाला शिकायचा, असं विचारणाऱ्या मुलाला हे जरूर दाखवा.

कामगारांचा विचार

रेनॉल्ड यांनी यंत्राइतकंच माणसांकडेही लक्ष दिलं. त्या काळी इंग्लंडच्या यंत्र कारखान्यांत आठवड्याला साधारण 53-54 तास काम चाले. रेनॉल्ड यांनी 1896 मध्ये आपल्या कारखान्यात 48 तासांचा आठवडा सुरू केला. असं करणारे ते मँचेस्टरमधल्या पहिल्या काही मालकांपैकी होते. 1930 मध्ये त्यांची कंपनी कॉव्हेंट्रीच्या साखळी कंपनीशी एकत्र झाली. 1943 मध्ये, वयाची 90 वर्षं पूर्ण केल्यावर, त्यांचं निधन झालं.

मुलांना विचारा

1. बुशमुळे पिनवरचा दाब कमी का झाला?
2. 96 कड्यांच्या चेनला 18 दात्यांचं चाक लावलं, तर एका दात्याला किती कड्या भेटतील? (उत्तर : मसावि 6, म्हणून 16)
3. तुमच्या सायकलच्या 24 कड्यांची लांबी किती भरली?

पालकहो, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर या रविवारी मुलांसोबत नक्की काढा. शाळेच्या वाटेवर चेन सुटण्याआधी ते कळलेलं बरं!