डांबरगोळ्यांच्या वासातही पतंगांना मादी सापडली कशी? फाब्र यांनी सोडवलेलं, तरी अर्धवट राहिलेलं कोडं

मे महिन्यातली ढगाळ रात्र, नऊचा सुमार. दक्षिण फ्रान्समधल्या सेरिन्यां गावातल्या एका घरात लहानगा पॉल अर्ध्या कपड्यांत उड्या मारत वडिलांना हाका मारत होता. त्याच्या खोलीत पक्ष्यांएवढे पतंग शिरले होते.

वडिलांना लगेच सकाळची गोष्ट आठवली. ग्रेट पीकॉक जातीची एक मादी कोषातून बाहेर आली होती आणि त्यांनी तिला अभ्यासिकेत जाळीच्या टोपाखाली ठेवलं होतं. मेणबत्ती घेऊन ते तिथे गेले, तर टोपाभोवती नरांची झुंबड उडालेली. त्या रात्री ४० च्या आसपास नर आले, आठ रात्रींत मिळून सुमारे १५०. आणि ही जात त्या भागात फारशी दिसतही नव्हती! म्हणजे पाहुणे लांबून आले होते. पण त्यांना निरोप दिला कोणी?

हे वडील म्हणजे कीटकशास्त्रज्ञ जाँ आंरी फाब्र.

१८२३ साली एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. शिष्यवृत्तीवर शिकून ते शिक्षक झाले. घर मोठं, पगार तुटपुंजा. जोडधंदा म्हणून मंजिष्ठेच्या जातीतल्या वनस्पतीपासून लाल रंग काढायची चांगली पद्धत त्यांनी कित्येक वर्षं खपून शोधली. तेवढ्यात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग कृत्रिमरीत्या बनवला आणि सगळी मेहनत पाण्यात गेली.

पुढचा घाव त्याहून मोठा होता. आव्हिन्यों शहरातल्या मोफत वर्गात त्यांनी मुलींसमोर फुलांचं फलन कसं होतं ते शिकवलं. एवढ्यावरून धर्ममार्तंड खवळले. १८७० मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली, आणि घरमालकिणींनी घरही खाली करायला लावलं. तेव्हा मदतीला धावला तिथेच राहणारा इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल. त्याने ३००० फ्रँक उसने दिले. फाब्र यांनी ते फेडलेसुद्धा, शाळेची पुस्तकं लिहून लिहून. १८७७ मध्ये किडे गोळा करायला सोबत हिंडणारा त्यांचा मुलगा ज्यूल वारला. १८७९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांना सेरिन्यांला स्वतःची जागा घेता आली. दगडगोट्यांची, काटेरी झुडपांची ती पडीक जमीन हीच त्यांची प्रयोगशाळा झाली.

पतंगांचं कोडं त्यांनी इथेच हातात घेतलं. आधी काही नरांच्या मिशा, म्हणजे शृंगिका कापल्या. त्यातले जवळजवळ कोणीच परतले नाहीत. पण मिशा शाबूत ठेवून नुसती छातीवर खूण केलेले नरही फारसे परतले नाहीत. कारण या पतंगांना खाताच येत नाही, दोन-तीन दिवसांत त्यांचा खेळ संपतो. म्हणजे हा पुरावा बाद. मग मादीच्या आजूबाजूला डांबरगोळ्या, लव्हेंडरचं तेल, रॉकेल असे उग्र वास ठेवले. नर तरीही आले. मादी घट्ट बंद डब्यात ठेवली, की मात्र कोणी फिरकेना. डब्याला बारीक फट राहिली, की पुन्हा हजर!

सगळ्यात भारी प्रयोग दुसऱ्या एका जातीवर झाला. मादी रात्रभर ज्या वाळूवर बसली होती ती वाळू त्यांनी कोपऱ्यात ठेवली आणि मादीला काचेच्या बंद टोपाखाली, खिडकीत, अगदी नजरेसमोर. नर समोरच्या मादीला ओलांडून थेट वाळूकडे गेले.

म्हणजे वासच! तरीही फाब्र अडखळले. एवढ्याशा किड्याचा, माणसाच्या नाकाला न कळणारा वास इतक्या दूर जातोच कसा? प्रकाशासारख्या वासाच्याही लहरी असतील, असा तर्क त्यांनी केला. तो चुकला. ११ ऑक्टोबर १९१५ रोजी ते गेले, तेव्हा तो पदार्थ कोणाच्याही हाती लागलेला नव्हता.

तो हाती लागायला १९५९ उजाडलं. जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांच्या गटाने सुमारे ५ लाख रेशीम-पतंग माद्यांच्या ग्रंथींमधून ‘बॉम्बिकॉल’ वेगळं केलं. त्याच वर्षी अशा संदेशवाहक पदार्थांना ‘फेरोमोन’ हे नाव मिळालं. मादी पोटाच्या टोकाच्या ग्रंथीत मेदाम्लापासून हा पदार्थ बनवते आणि नराच्या मिशांवरचे हजारो केस तो टिपतात. या पदार्थाचा एक रेणूसुद्धा चेतापेशीत संदेश उमटवायला पुरतो. फाब्र यांना न पटलेल्या अंतराचं उत्तर इथे होतं. वास कितीही विरळ झाला तरी नराला पुरतो.

डार्विनने फाब्र यांच्या निरीक्षणशक्तीची मनापासून तारीफ केली होती, पण फाब्र यांनी उत्क्रांती कधीच मानली नाही. गंमत बघा, हेच गंध आज उत्क्रांतीचा दाखला ठरतात. युरोपातल्या मक्यावरच्या खोडकिड्यात दोन वाण आहेत. दोघांच्या माद्यांच्या गंधात घटक तेच, फक्त प्रमाण उलटं. फरक घडवतं ते एका विकराचं जनुक, आणि तेवढ्यामुळे एका वाणाचे नर सहसा दुसऱ्याच्या मादीकडे जात नाहीत.

आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात कपाशीच्या शेतात गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. त्यात मादी नसते. रबराच्या छोट्या तुकड्यात तिचा कृत्रिम गंध असतो, आणि नर त्याच्याकडेच येतात.